चार घोडे बाहेर

२० फेब्रुवारी

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर परत पाठव, इथे मला उपयोगी पडतील.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं आणि चौथ्याला दोघींपैकी कोणीतरी फोन ठेवून देतं. पत्रात निदान माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

बाबा डिसेंबरपासून माझ्याकडे आहेत. घोटा आता बरा आहे. काठी घेऊन चालतात, रोज अकरा वाजता खाली जाऊन टपाल घेऊन येतात, माझी पत्रं पेटीत टाकून येतात. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, यापुढे एकट्यानं राहायचं नाही. बादली घेऊन जिन्यावरून पडले तेव्हा खालच्या भाडेकरूला कळेपर्यंत दोन तास तिथेच होते. "पडलोच होतो, तर पायऱ्यांची उंची मोजून घेतली. सारखी नाहीये," असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. उभा जन्म पुलांचे नकाशे काढण्यात गेलेला ड्राफ्ट्समन, दुसरं काय सांगणार.

आता माझं. आमच्या चष्म्याच्या कारखान्यानं नव्या मुलांना भिंगं घासायला शिकवण्यासाठी शाळा काढली आहे, इथून बोटीनं दीड दिवसावर. वर्षभर शिकवायला मला बोलावलंय. एकवीस वर्षं एका खुर्चीवर बसून काच घासली, पण 'तुमचं काय म्हणणं आहे' असं पहिल्यांदाच कोणी विचारलं. राहायला एक खोली, तीही दुसऱ्या शिक्षिकेबरोबर, म्हणजे बाबांना नेता येणार नाही. पंधरा एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुझे भाऊजी गेले त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून मी कुठेही गेलेले नाही. मला जायचं आहे. हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलंय.

तेव्हा एक वर्ष बाबांना तू ठेवून घ्यावंस. तू नाही म्हणणार, मी रडणार, तू म्हणणार, ताई तुझं नेहमीचंच आहे. ते सगळं होऊन गेलं असं समजू आणि घरचा नियम लावू. वाद पटावर. हरेल तिनं काम करायचं. लहानपणी भांडी होती, पाणी भरणं होतं, आता बाबा आहेत. डाव मध्येच सोडायचा नाही. बरोबरी झाली तर काम बाबांनी स्वतः करायचं, हाही नियमच, आणि त्याचा अर्थ आता बाबा आपल्या घरी एकटे. ते दोघींनाही नको आहे, म्हणून या वेळी बरोबरी करायची नाही.

बाबांना यातलं काही ठाऊक नाही. पांढऱ्या सोंगट्या तुझ्या. पहिली खेळी कर.

तुझी ताई


२३ फेब्रुवारी

ताईस,

आशीर्वाद ठेवून घेतले. बदल्यात नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, एकदा संतापानं आणि एकदा सावकाश. बापाला खरकट्या भांड्यांच्या रांगेत बसवणारी तू पहिलीच मुलगी असशील. पण नियम त्यांनीच केलेला, आपल्या हातानं दुधाच्या डब्यामागच्या भिंतीवर लिहून लावलेला, तेव्हा मी बोलणारी कोण?

माझी बाजूही ऐकून घे. चौथा मजला, लिफ्ट नाही. दीड खोली. अर्ध्या खोलीत पुस्तकं दाबायचं यंत्र, उरलेल्या एकीत मी, खळीचं पातेलं आणि ग्रंथालयानं बांधणीला दिलेली सत्तर-ऐंशी पुस्तकं. बाबा बसणार कुठे? बरं, बसले तरी गप्प बसणार का? अमक्या पुस्तकाचा कणा दोन मिलिमीटर तिरका आहे, हे पहिल्या दिवशी दुपारच्या आत मला कळलेलं असेल. खरं कारण तुला माहीत आहे. ते लिहीत नाही.

तेव्हा खेळते, आणि जिंकण्यासाठी खेळते. मागाहून रडायचं नाही.

राजासमोरची प्यादी दोन-दोन घरं पुढे, मग दोघींचे मिळून चार घोडे बाहेर. इथपर्यंतचं आपल्याला झोपेतही येतं, त्यावर तिकिटं कशाला डकवायची? खेळून झालं असं धरते. आठवतं ना? चार घोडे बाहेर आले की तू माझी खेळी जशीच्या तशी उलट बाजूनं करायचीस. मी उंट काढला की तू उंट, मी प्यादं की तू प्यादं. शेवटी मारामारी होऊन पट रिकामा, बरोबरी, आणि बाबा बाह्या सरसावून भांडी घासायला. आपण दोघी मागे पोट धरून हसायचो. तेवढ्या एका कटात आपलं कधी भांडण झालं नाही.

माझी चौथी खेळी: राजाकडचा उंट तुझ्या वजिराकडच्या घोड्यावर रोखला आहे.

चिंगी


२७ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

पट शिवणयंत्राच्या झाकणावर मांडलाय. तेवढी एकच सपाट जागा बाबांनी अजून काबीज केलेली नाही. बाकी घरात त्यांचं राज्य आहे. माझ्या कपाटाच्या फळ्यांना उतार आहे, असं त्यांनी गोळी घरंगळवून सिद्ध केलं. सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून झाली, आता स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं घालणं चाललंय. 'साखर' हा शब्द एखाद्या मोठ्या पुलाच्या नकाशावर शोभावा इतका देखणा काढलाय.

त्रास म्हणशील तर काही देत नाहीत. तेच जड जातं. मी संध्याकाळी सहाला कामावरून येते तेव्हा दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले असतात. विचारत काहीच नाहीत. मी चप्पल काढेपर्यंत उठून गॅसवर पाणी ठेवतात. कारखान्यातल्या बायका म्हणतात, नशीबवान आहेस. आहेच. पण एखाद्या संध्याकाळी आठ वाजता घरी यावं असं वाटलं, तर मी कुणाला सांगू?

पटाकडे येता-जाता बघतात, बोलत मात्र नाहीत. न बोलणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हे.

खेळी: माझा उंट तुझ्या घोड्यावर.

तुझी ताई


१४ मार्च

ताईस,

मध्ये कार्डांवर नुसत्या खेळ्या लिहून भागवलं, आज मात्र पूर्ण पत्र. कारण राग पूर्ण आलाय.

मी किल्लेकोट केला, तू किल्लेकोट केलास. मी वजिरासमोरचं प्यादं एक घर सरकवलं, तूही सरकवलंस. मी दुसरा उंट तुझ्या दुसऱ्या घोड्यावर रोखला, तर चार दिवसांनी तुझं कार्ड: दुसरा उंट, दुसरा घोडा. बाई, तू खेळते आहेस की आरसा पुसते आहेस? आधी वाटलं, कामाच्या घाईत असेल, सुचेल ते करत असेल. मग वाटलं, गंमत करते आहे. परवा पुस्तकाची पानं शिवताना एकदम डोक्यात आलं, आणि दाभण बोटात गेला.

तुला बरोबरी हवी आहे. बरोबरी झाली की नियमाप्रमाणे बाबा आपल्या घरी. तू बोटीत बसणार, मी चौथ्या मजल्यावर, आणि दोघींचे हात स्वच्छ. 'आम्ही काय करणार, पटावरच तसं झालं.' पहिल्या पत्रात मोठ्या तोंडानं लिहिलंस, या वेळी बरोबरी नाही. सापही मेला आणि काठीही तुटली नाही, असलं तुझं हे शहाणपण!

तुला त्यांना टाकायचंच असेल तर तसं सरळ लिही. मी शिव्या देईन, पण आरपार तरी होईल.

आठवी खेळी: घोडा पटाच्या मधोमध. आता याची नक्कल केलीस तर मी काय समजायचं ते समजेन.

चिंगी


१७ मार्च

चिंगीस,

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आणि त्यानंतर घासलेली दोन भिंगं फुकट गेली. एकवीस वर्षांत असं चौथ्यांदा झालं.

टाकायचं असतं तर डिसेंबरमध्येच नसतं टाकलं? तीन महिने त्यांची औषधं, तीन महिने त्यांचा घोटा शेकणं, तीन महिने 'शिवणयंत्राचा पाय डगमगतो' हे ऐकणं. तू त्या तीन महिन्यांत दोनदा फोन केलास. त्यातल्या एका वेळी बाबा शेजारी बसलेत हे सांगूनही 'त्यांना दे' म्हणाली नाहीस. तू मला टाकण्याबद्दल शिकवू नकोस.

खेळी काय करायची ते माझं मी बघेन. घोडा मधोमध. समज काय समजायचं ते.

ताई


१९ मार्च

ताईस,

लागलं ते खरं असलं की जास्त लागतं. 'त्यांना दे' म्हणाले नाही, हे खरं आहे.

खरं कारण लिहीत नाही म्हणाले होते, लिहिते. मी सतरा वर्षांची असताना तंत्रशाळेच्या प्रवेशासाठी एका कमानीच्या पुलाचा नकाशा काढला होता. नऊ दिवस लागले. तो पहिला आला. मास्तरांनी सगळ्यांसमोर टांगला आणि डाव्या कमानीची रेघ दाखवून म्हणाले, अशी रेघ या वर्गात कोणी काढली नव्हती. मी जवळ जाऊन बघितलं. ती रेघ माझी नव्हतीच. बाबांनी माझी शाई ब्लेडनं खरवडून काढली होती, कागदाला ओरखडासुद्धा न जाता, आणि वरून त्यांची रेघ ओढली होती. मला सांगितलं नाही. मी घरी येऊन विचारलं तर म्हणाले, "चूक होती, दुरुस्त केली."

मी तंत्रशाळेत गेलेच नाही. तुम्हाला वाटलं कंटाळा आला. त्यानंतर मी त्यांना दाखवण्यासारखं काही केलेलं नाही, आणि केलं असतं तरी दाखवलं नसतं. आता त्या माणसाला मी माझ्या दीड खोलीत, माझ्या कामाच्या टेबलापाशी बसवू? ताई, मी वाईट मुलगी नाहीये. मला भीती वाटते, एवढंच.

खेळी: घोड्यानं तुझा उंट मारला. तूही मारशीलच.

चिंगी


२ एप्रिल

चि. चिंगीस,

तुझ्या मागच्या पत्राला कार्डांवर उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून मी नुसत्या खेळ्या धाडत राहिले. आज मात्र सांगायलाच हवं.

त्या खेळ्या माझ्या नाहीत.

अगदी पहिल्या उंटापासून नाहीत. तुझं पत्र आलं, तुझी खेळी मी पटावर मांडली, विचार उद्या करू म्हणून भाजी चिरायला गेले. सकाळी बघते तर काळा उंट पुढे आलेला. बाबा पेपर वाचत होते. मी काही विचारलं नाही. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा. पैज त्यांना माहीत नाही, मग खेळेनात का? खरं सांगू का, मला सुटल्यासारखं झालं. जिंकायला जावं तर तुझ्या गळ्यात धोंड बांधते आहे असं वाटायचं, हरावं तर बोट निघून गेलेली दिसायची. दुसरं कोणीतरी सोंगटी हलवत होतं, हेच बरं वाटत होतं. ते नक्कल करताहेत हे मला दिसत होतं. तू माझ्यावर उखडलीस तेव्हाही मी सांगितलं नाही. वर तुलाच सुनावलं.

परवा त्यांच्या खोलीत अंथरूण बदलायला गेले तर पलंगाखाली पिशवी भरलेली. चपलेचा अंगठा शिवून आणलेला. उशीखाली एक कागद, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात: 'दूध परत सुरू करणे. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा. बादली नको, तांब्या. भाडेकरूला रोज सकाळी आठ वाजता हाक मारणे, हाक न आल्यास त्याने वर यावे.' चिंगे, मी तो कागद हातात घेऊन पलंगावर बसूनच राहिले.

मग मी तुझं एक पाकीट कारखान्यात नेलं आणि मोठ्या भिंगाखाली धरलं. गोंदाचे दोन थर आहेत. टपाल तेच वर आणतात. माझी पत्रं तेच टाकतात. ब्लेड अजून त्यांच्या कंपासपेटीत आहे आणि हात तसाच हलका आहे. त्यांनी सगळं वाचलंय. पहिल्या पत्रापासून. 'हरेल तिनं काम करायचं' हेही, आणि तुझ्या कमानीबद्दलचंही.

म्हणजे ते वेळ घालवत नव्हते. ते बरोबरीसाठी खेळत होते. त्यांना कोणाच्याच घरी जायचं नाहीये, त्यांच्या घरी जायचंय. आणि मागायचं कसं ते माहीत नाही, म्हणून आपला जुना कट त्यांनी उचलला. तो कट त्यांना तेव्हाही ठाऊक होता म्हणायचा.

त्यांना पुन्हा त्या जिन्यावर पाठवण्याची माझी हिंमत नाही. मी कारखान्याला 'नाही' असं कळवून टाकते. तू डाव कसाही संपव, मला राग येणार नाही.

बारावी खेळी त्यांचीच: तुझ्या उंटानं घोडा मारला, आमच्याही उंटानं घोडा मारला.

तुझी ताई


५ एप्रिल

ताईस,

कारखान्याला 'नाही' कळवशील तर याद राख.

तुझं पत्र वाचून आधी सगळी पाकिटं काढली. एकूण एक दोनदा चिकटवलेलं. जन्मभर खळीत हात घालून बसलेली बाई मी, दीड महिना नाकासमोर दोन थर होते आणि मी खेळ्या वाचत बसले. आपण तिघंही आपापल्या कामात मोठे तरबेज, घरातलं तेवढं दिसत नाही.

हे पत्र बाबा तुझ्याआधी वाचणार, तेव्हा आता दोघांनाही लिहिते.

बाबा, नक्कल करणारा नेहमी एका खेळीनं मागे असतो. मी जोवर नुसतं मारते आहे तोवर तुम्हीही मारू शकता. पण मी शह दिला की तुम्हाला आधी राजा वाचवावा लागेल आणि आरसा तिथेच फुटेल. तो शह आता माझ्याकडे आहे. मधोमध उभा असलेला घोडा पुढे टाकला की शह, आणि तिथून चार खेळ्यांत मात. मी तीनदा तपासलं. तुम्हालाही दिसलंच असणार.

तर पट असा आहे. मी जिंकले, तर बाबा ताईकडे आणि ताई जन्मभर त्या खुर्चीवर. बरोबरी केली, तर बाबा जिन्यावर. मी हरले, तर बाबा माझ्याकडे. गेले दोन दिवस घोडा शहाच्या घरात ठेवला, पाकिटावर पत्ता लिहिला, पाकीट फाडलं. पहिल्यापासून जिंकण्यासाठीच खेळत होते, आणि जिंकणं हातात आल्यावर मला ते नको झालं. ताई बोटीच्या कठड्याला टेकून उभी आहे असं सारखं दिसतं. तिला बोट लागते की नाही हेसुद्धा आपल्याला माहीत नाही, कारण ती कधी बसलेलीच नाही.

मला एकाएकी पान्हा फुटलाय असं समजू नका. मला अजून भीती वाटते. तुम्ही माझा कणा तिरका म्हणाल, मी ओरडेन, तुम्ही गप्प बसाल, मग मला वाईट वाटेल. हे सगळं होणार आहे. तरी चालेल.

बांधणीची पुस्तकं मी ग्रंथालयातच जाऊन करीन, त्यांनी तळघरातली जागा द्यायचं कबूल केलंय. यंत्र काल चौघांनी मिळून खाली नेलं. अर्धी खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला.

तेरावी खेळी: वजीर एक घर उजवीकडे, राजासमोरचं प्यादं मुळात होतं त्या घरात. हो, तिथेच. तुमचा घोडाही त्याला मारू शकतो आणि उंटही. मी लिहिताना चुकलेले नाही.

चिंगी


८ एप्रिल

चि. चिंगीस,

आशीर्वाद. हे पाकीट एकदाच चिकटवलेलं आहे, तपासून घे.

ताई पेटीकडे गेली आहे. कारखान्याला होकाराचं पत्र तिनं आज लिहिलं आणि या वेळी ते टाकायला माझ्याकडे दिलं नाही. बरोबर केलं. दुसऱ्यांची पत्रं मी उघडली, ते वाईट काम होतं. सफाईनं केलं म्हणून कमी वाईट होत नाही.

माझ्यावर पैज लावलीत त्याचं मला काही वाटलं नाही. नियम माझा. भांड्यांच्या वेळी तुमचा कट मला पहिल्याच दिवशी कळला होता. तुमची आई दवाखान्यातल्या कामावरून दमून यायची, तिला स्वयंपाकघर स्वच्छ दिसायचं, आणि तुम्ही दोघी आत हसत असायच्या. मला भांडी घासायला हरकत नव्हती. या वेळी वाटलं, तसंच होईल. तुम्ही दोघी मोकळ्या, माझं मी करीन. बाराव्या खेळीनंतर दिसलं की फसलो. तुझ्या घोड्याची वाट बघत बसलो होतो. मात झाली असती तर ताईनं त्या शाळेवर पाणी सोडलं असतं आणि मला कधी बोलून दाखवलं नसतं. ते मला सोसलं नसतं.

आणि आला तुझा वजीर.

मी सकाळी पटापुढे बसलो तो ताई कामाला निघेपर्यंत. माझी जुनी सवय तुला माहीत आहे. मुलगी चुकली दिसली की हात ब्लेडकडे जातो. उलट कार्ड पाठवावं, 'वजीर तिथे ठेवू नकोस, घोड्याचा शह दे, चार खेळ्यांत जिंकतेस', असं मनात आलंही. नक्कल करून माझाही वजीर तसाच टाकावा, असंही आलं. मग तुझ्या घोड्यानं तो शहासकट मारला असता आणि तू मनाविरुद्ध जिंकली असतीस.

कमानीची रेघ वाकडी नव्हती. तुझी होती, माझ्यासारखी नव्हती, एवढंच. हे मला त्याच वर्षी कळलं होतं. सांगायला बावीस वर्षं लागली, कारण 'चूक होती' म्हणून मी मोकळा झालो होतो आणि ते परत घ्यायला तोंड नव्हतं. आता सांगतो. चूक माझी होती.

मला माझ्या घरी जायचं होतं. अजूनही जायचं आहे. ते मनातून जाईल असं नाही, आणि तुझ्याकडे आल्यावर एखाद्या दिवशी मी त्यावरून कुरकुरेन. तेव्हा ऐकून घे, उत्तर देऊ नकोस.

घोड्यानं तुझा वजीर मारला. राजाला शह आहे. डाव मध्येच सोडायचा नाही, हा नियम अजून आहे. पण या खेळीचं उत्तर पोस्टानं नको. सोमवारी दुपारच्या गाडीनं येतो, समोर बसून दे.

तुझे बाबा